जुना ३.१८ कर्नल बिल्ड होत नाहीये, एररवर एरर (एआरएम बोर्ड, उबंटू २२.०४)

विजयनगरकर
मंडळी नमस्कार. मी इंदूरच्या एका लहानशा कंपनीत आहे, आम्ही मंडीतल्या धर्मकाट्यांसाठी वजन दाखवणारी नि पावती छापणारी पेटी बनवतो, आत एआरएमचा बोर्ड असतो. बोर्ड ज्यांच्याकडून घेतो त्यांनी सोर्सची एक झिप दिली आहे, लिनक्स ३.१८ च्या कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, अख्खा ट्री (सगळ्या सोर्स फाइली) आणि त्यातच त्यांचे डिस्प्ले, टच, वायफायचे ड्रायव्हर कोंबलेले. सुटे पॅच मागितले तर म्हणाले आमच्याकडे सगळं एकत्रच आहे.
मला बदल अगदी छोटा करायचाय, दुसरी सीरियल लाइन चालू करायची की झालं. पण त्याआधी हा ट्री आहे तसाच बिल्ड व्हायला हवा ना, आणि तिथेच गाडी अडली आहे. मशीन उबंटू २२.०४, कंपायलर जीसीसी ११, क्रॉस कंपायलरही रिपॉझिटरीतलाच ११. मेक -जे८ दिलं की दोनतीन स्क्रीन भरून काहीतरी वाहून जातं आणि शेवटी एवढंच उरतं:
मेक: * सब-मेक, एरर २
आता प्रश्न असा, की सोर्समध्ये एकेक दुरुस्ती करत बसू का कंपायलर बदलू? आणि बदलायचा तर कोणता? (इथे रोमन लिहिता येत नाही म्हणून एरर देवनागरीत उतरवतोय, सांभाळून घ्या.)

सराफ्यातला_भुक्कड
एरर २ म्हणजे दोन एरर आहेत भिया. एक सोडवलास की एरर १ दिसेल, मग शून्य, मग पार्टी.

मेघना_प
भुक्कड, नवीन माणूस खरं मानेल ना तुझं!
विजयनगरकर, ती शेवटची ओळ सोडून दे. खालच्या डिरेक्टरीतला मेक पडला एवढाच निरोप वरचा मेक देत असतो. पंगतीत आमटी खारट लागली तर वाढप्याला विचारून काय उपयोग, आचाऱ्याकडे जावं लागतं. आठ कामं एकदम चालू असली की जो पडला त्याचा एरर वर निघून जातो आणि बाकीचे सात आपापलं छापत राहतात. तेव्हा एकदा -जे१ लाव, सगळं आउटपुट टी कमांड लावून फाइलमध्ये घे, आणि त्या फाइलमध्ये वरून खाली 'एरर' शोध. जो पहिला सापडेल तो इथे टाक. फक्त पहिला. पुढचे बरेचदा त्याचीच पिल्लं असतात.

तात्या_छावणीवाले
मेघनाताईंशी सहमत. व्ही=१ पण लावा म्हणजे नेमकी कोणती कमांड चालली ते दिसेल.

विजयनगरकर
केलं. पहिला एरर हा:
फेटल एरर: लिनक्स/कंपायलर-जीसीसी११.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी
आणि मेकला -के लावून पुढे ढकललं तर वेगळ्याच जागी, स्क्रिप्ट्स/डीटीसी मध्ये:
मल्टिपल डेफिनिशन ऑफ वायवायएललॉक, फर्स्ट डिफाइन्ड हिअर
पहिल्याचं तर काही कळलंच नाही, अशी फाइल ट्रीमध्ये नाहीच. झिप अर्धवट आहे का?

चिमाजी
झिप बरोबर आहे. त्या काळी कर्नल कंपायलरचा मुख्य आकडा घ्यायचा आणि त्या नावाची हेडर फाइल उघडायचा. जीसीसी ४ असेल तर जीसीसी४.एच, ५ असेल तर जीसीसी५.एच. ३.१८ आला डिसेंबर २०१४ मध्ये, तेव्हा पाचाची तयारी झाली होती, अकराची कोण करणार. पुढे ४.२ मध्ये हे सगळे हेडर एकाच फाइलमध्ये गोळा केले म्हणून नंतरच्या कर्नलांना ही कटकट नाही.
सोपा उपाय: सीपी करून जीसीसी५.एच ची जीसीसी११.एच बनव. अर्ध्या दुनियेने हेच केलंय.

मेघना_प
चिमाजी, नको रे हा सल्ला देऊस. फाइल मिळेल, कंपाइलही पुढे सरकेल, पण त्या फाइलमध्ये त्या कंपायलरचे दोष आणि सवयी लक्षात घेऊन लिहिलेल्या गोष्टी असतात. अकराला पाचाचा अंगरखा घातला म्हणून तो पाच होत नाही.

चिमाजी
अगं पण चालतं! मी एका जुन्या टॅबलेटच्या कर्नलला असंच केलं होतं, बूट झाला. हां, त्याआधी वायफाय ड्रायव्हरने जीव खाल्ला. त्याच्या मेकफाइलमध्ये -वॉल -डब्ल्यूएरर होतं, आणि नव्या जीसीसीला इंडेंटेशन दिशाभूल करणारं वाटतं, म्हणजे इफच्या खाली कंस न घालता दोन ओळी सरकवून लिहिल्या की वॉर्निंग, आणि वॉर्निंग म्हणजे एरर. जीसीसी ६ पासून आहे हे. डब्ल्यूएरर काढून टाकलं, पुढे गेलो.

तात्या_छावणीवाले
चिमाजी, "बूट झाला" हा पुरावा नव्हे, बरं का. २००९ ची टीयूएन या आभासी नेटवर्कच्या ड्रायव्हरची भानगड आठवते का कोणाला? कोडमध्ये आधी पॉइंटर वापरला होता आणि नंतर तो नल (रिकामा) आहे का हे तपासलं होतं. जीसीसी म्हणाला, आधी वापरलाय त्याअर्थी नल असूच शकत नाही, आणि तपासणीच उडवून दिली. नियमाप्रमाणे त्याचं बरोबरच होतं. पण त्या फटीतून थेट रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा, मिळत होता. एरर नाही, काही नाही, कंपाइल स्वच्छ. तेव्हापासून कर्नलच्या मेकफाइलमध्ये नल तपासण्या उडवू नकोस असा फ्लॅग कायमचा बसला. प्रत्येक नवा कंपायलर आधीपेक्षा जास्त हुशारी करतो आणि जुन्या कर्नलला त्या हुशारीपासून वाचवणारे फ्लॅग माहीत नसतात. जो एरर देतो तो कंपायलर सज्जन समजा. जो गप्प राहून कोड बदलतो त्याला घाबरा.

सराफ्यातला_भुक्कड
तात्या, रात्री साडेअकराला असं काही लिहू नका हो, भुट्ट्याचा कीस खाऊन बसलोय, झोप लागणार नाही.

बडोदेकर_जोशी
नमस्कार. मूळ प्रश्नालाच हात घालतो. ३.१८ वापरायचाच कशाला? त्याचा मेंटेनन्स कधीच बंद झालाय. मेनलाइनचा (लिनक्सच्या मूळ ट्रीचा) आजचा एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळला जाणारा कर्नल घ्या, त्या एसओसीचा (बोर्डावरच्या मुख्य चिपचा) सपोर्ट मेनलाइनमध्ये असेल तर डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावरच्या भागांची यादी लिहा आणि सुटा. जुन्या कर्नलचे एरर सोडवणं म्हणजे वेळेचा अपव्यय, स्पष्ट बोलतो.

विजयनगरकर
जोशी सर, एसओसी मेनलाइनमध्ये आहे पण हा डिस्प्ले कंट्रोलर आणि टच नाही, ते ड्रायव्हर यांच्याच ट्रीमध्ये. मी एकटा आहे, सोयाबीनचा सीझन तोंडावर आलाय आणि व्यापारी रोज फोन करून विचारतात, दुसरा काटा कधी जोडणार म्हणून.

बडोदेकर_जोशी
मग नाइलाज आहे. पण पेटी वायफायवर असेल तर निदान तिला बाहेरच्या इंटरनेटला मोकळी सोडू नका.

अहिल्या_नगरी
वाचतेय. समजत काही नाही पण छान चाललंय.

मेघना_प
विजयनगरकर, दुसऱ्या एररबद्दल. इथे एक गोष्ट नीट समजून घे म्हणजे पुढचा गोंधळ वाचेल: कर्नलच्या एका बिल्डमध्ये दोन कंपायलर चालतात. एक क्रॉस, जो बोर्डासाठी कोड बनवतो. दुसरा तुझ्या मशीनचा स्वतःचा, म्हणजे होस्ट, कारण बिल्डच्या मधेच काही लहान प्रोग्राम तयार करून तिथल्या तिथे चालवावे लागतात. डीटीसी हा डिव्हाइस ट्री कंपाइल करणारा प्रोग्राम त्यातलाच. वायवायएललॉकचा एरर हा होस्ट कंपायलरचा आहे, क्रॉस कितीही बदल, तो जाणार नाही.
कारण असं, की त्या नावाचं एक ग्लोबल व्हेरिएबल लेक्सरमध्ये (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) पण आहे आणि पार्सरमध्ये (त्यांचा अर्थ लावणारा) पण. पूर्वी जीसीसी अशी सुरुवातीचं मूल्य न दिलेली दोन व्हेरिएबल्स कॉमनमध्ये टाकायचा आणि लिंकर त्यांचं एक करून टाकायचा. जीसीसी १० पासून, म्हणजे २०२० पासून, डीफॉल्ट उलटा केला, -एफनो-कॉमन. आता दोन म्हणजे दोनच, लिंकर भांडतो. मेनलाइनने ती जादा ओळ २०२० मध्येच काढली, तुझ्या ट्रीपर्यंत ती दुरुस्ती पोचलेली नाही.

विजयनगरकर
धन्यवाद ताई, हे कोणी असं सांगितलंच नव्हतं. पण मी डीटीसी-लेक्सर.एल मध्ये जाऊन त्या ओळीच्या आधी एक्स्टर्न लावलं, क्लीन करून परत बिल्ड केलं, तरी एरर तोच!

चिमाजी
हा हा, इथे सगळे अडकतात. त्या फोल्डरमध्ये शेवटी 'शिप्ड' लिहिलेल्या फाइली बघ. जुन्या कर्नलमध्ये फ्लेक्स-बायसन (.एल सारख्या फाइलींतून सी कोड बनवणारे प्रोग्राम) चालवतच नाहीत, आधीच तयार करून ठेवलेली सी फाइल ट्रीबरोबर येते आणि तीच कॉपी होऊन कंपाइल होते. .एल फाइल नुसती बघायला. शिप्डमध्ये एक्स्टर्न लाव. ४.१६ पासून लेक्सर बिल्डच्या वेळी बनायला लागले, म्हणून नव्या कर्नलला फ्लेक्स नि बायसन इन्स्टॉल नसले की पहिल्याच पावलाला आपटतो.

मेघना_प
बरोबर. किंवा सोर्सला हात न लावता मेकच्या कमांडवर होस्टसीफ्लॅग्जमध्ये -ओ२ -एफकॉमन दे. मला ते आवडतं कारण ट्री आहे तसा राहतो. पण अशा रीतीने दिलं की मेकफाइलमधले मूळ होस्टचे फ्लॅग पुसले जातात, ते लक्षात असू दे.

विजयनगरकर
शिप्डमध्ये एक्स्टर्न लावलं आणि डीटीसी बनला!! आता राहिला तो जीसीसी११.एच.

बडोदेकर_जोशी
आता माझं ऐका, डॉकर. उबंटू १४.०४ चा कंटेनर, म्हणजे मशीनच्या आत वेगळी बसवलेली जुनी सिस्टिम, उचला, त्या काळचा कंपायलर, त्या काळचा मेक, त्या काळचा पर्ल, सगळं एका ठिकाणी. आमच्याकडे फतेहगंजच्या ऑफिसात जुन्या प्रत्येक ट्रीसाठी एक कंटेनर ठरलेला आहे. फक्त कंपायलर जुना करून भागत नाही, मी पर्लमुळे पडलेला कर्नल पाहिलाय: टाइमकॉन्स्ट.पीएल या पर्लच्या स्क्रिप्टमध्ये डिफाइन्ड अॅरेला लावलेलं होतं, पर्ल ५.२२ ने ते बंद केलं आणि कर्नलचा बिल्ड पर्लच्या एररने मेला. त्याच्याही आधी मेक ३.८२ आला तेव्हा २.६ च्या मेकफाइली "मिक्स्ड इम्प्लिसिट अँड नॉर्मल रूल्स" म्हणून कोसळल्या होत्या. सोर्समधला एक अक्षर कोणी बदललं नव्हतं हो. आजूबाजूचं गाव बदललं.

सराफ्यातला_भुक्कड
राजवाडा तोच, पार्किंगची जागा गेली :ड

मोरार_मोडेम
ग्वाल्हेरहून रामराम. जोशींनी जे कंटेनरने केलं ते बीएसडीवाल्यांनी (लिनक्ससारख्याच दुसऱ्या सिस्टिमी) ट्रीमध्येच करून ठेवलंय. आमच्याकडे कर्नल वेगळा नि बाकी सिस्टीम वेगळी असा संसार नाही, एकच ट्री. फ्रीबीएसडीत आधी बिल्डवर्ल्ड, मग बिल्डकर्नल. बिल्डवर्ल्डमध्ये त्या ट्रीबरोबर आलेला कंपायलर तयार होतो आणि कर्नल त्यानेच बनतो. क्रम उलटा केला की चित्रविचित्र एरर. नेटबीएसडीचं बिल्ड.एसएच तर लिनक्सवर, मॅकवर कुठेही चालवा, आधी स्वतःची टूलचेन (कंपायलर, लिंकर वगैरे) बांधून मग कामाला लागतं. लिनक्सने कंपायलर कायम बाहेरचा ठेवला, त्याची ही फळं.

तात्या_छावणीवाले
मोडेमभाऊ, फळं आहेत तशी सालंही आहेत. लिनक्स कर्नल कुठल्याही डिस्ट्रोवर, तिथल्याच कंपायलरने बनवता येतो म्हणून तर इतका पसरला.
आणि बीएसडीचं वर्ल्ड बांधायला आमच्या वेळी मशीन कुठे होती? पीसीक्वेस्टच्या अंकाबरोबर लिनक्सची सीडी यायची ती आम्ही चौघांत फिरवायचो. २.० चा कर्नल रात्री लावून झोपायचं आणि सकाळी उठून बघायचं तर जीसीसी सिग्नल ११ देऊन मेलेला. परत लावला की दुसऱ्याच फाइलवर मरायचा. कोड तोच, जागा वेगळी. हे लक्षण म्हणजे रॅम खराब. त्या काळी कर्नल कंपाइल करणं हीच रॅमची परीक्षा होती, सिग्नल ११ वर तर स्वतंत्र एफएक्यू निघाला होता. दुकानदार म्हणायचा विंडोज चालतंय ना, मग रॅम चांगली आहे. जेल रोडवर त्याच्या काउंटरसमोर उभं राहून त्याला जीसीसी समजावलाय मी.

चिमाजी
आजही होतं की. फक्त आता "इंटर्नल कंपायलर एरर: किल्ड" दिसलं तर बहुतेक रॅम खराब नसते, कमी पडलेली असते. -जे१६ लावायचं आणि मेमरी चार जीबी. डीमेसेजमध्ये बघा, ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोग्राम मारणारा कर्नलचा भाग) सीसी१ ला, म्हणजे जीसीसीच्या आतल्या कंपायलरला, उचललेलं सापडेल. जे कमी करा किंवा स्वॅप द्या.

अहिल्या_नगरी
तात्या, जेल रोडवरचं अजून लिहा ना. वेगळा लेखच होऊ द्या.

विजयनगरकर
जोशी सरांचा १४.०४ चा कंटेनर घेतला, त्यात क्रॉस कंपायलर रिपॉझिटरीतलाच टाकला, ४.८.२. जीसीसी११ चा प्रश्नच मिटला. आणि आता हा एरर बघा, मला वाटलं कोणी गंमत करतंय:
एरर: युअर कंपायलर इज टू बगी, इट इज नोन टू मिसकंपाइल कर्नल्स
अँड रिझल्ट इन फाइलसिस्टिम करप्शन अँड ऊप्सेस
म्हणजे ११ चालत नाही आणि जुनाही चालत नाही??

सराफ्यातला_भुक्कड
कर्नलने कंपायलरला तोंडावर सांगितलं. मान गये.

मेघना_प
हा एरर खरा आहे आणि फार मोलाचा आहे. जीसीसी ४.८.० ते ४.८.२ मध्ये एआरएमसाठी कोड बनवताना एक दोष होता, स्टॅकच्या बाबतीत चुकीचा क्रम लावायचा, आणि त्यातून ईएक्सटी३, ईएक्सटी४ चा डेटा खराब होऊ शकत होता. एआरएमवाल्यांनी ३.१८ मध्ये सरळ नियम घातला की ४.८.३ च्या खालचा ४.८ दिसला की बिल्डच थांबवायचा. काही डिस्ट्रोंनी ४.८.२ म्हणवत दुरुस्ती आत घेतलेली असते, पण कर्नल आकडा बघतो. तो #एरर कमेंट करून पुढे जाऊ नकोस एवढं माझं ऐक. व्यापाऱ्याच्या वजनाच्या नोंदी त्याच फाइलसिस्टिमवर बसणार आहेत.

बडोदेकर_जोशी
हे मला नवीन. आमचे बोर्ड एक्स८६ आहेत त्यामुळे कधी दिसलं नाही. मग १६.०४ घ्या, ५.४ मिळेल, जीसीसी५.एच ट्रीमध्ये आहेच.

चिमाजी
अंदाजपंचे कशाला, सगळे कंपायलर लावून बघायचे का आता? लिनारो या संस्थेने एआरएमसाठी तयार केलेला जीसीसी ४.९ घ्या, त्या काळी सगळे तोच घ्यायचे. फक्त ३२ बिटवाली टारबॉल मिळाली तर फाइल समोर दिसत असताना शेल म्हणेल नो सच फाइल. फाइल नाही असं नसतं ते, तिचा ३२ बिटचा लोडर मशीनवर नसतो. लिबसी६ आय३८६ टाकावं लागतं. ६४ बिटवाली मिळाली तर हा त्रास नाही.

पलासिया_काकू
मी उशिरा येतेय, सबंध धागा वाचून. मुलांनो, अंदाज कशाला करताय? तो बोर्ड चालू आहे ना, त्यावर त्या कंपनीनेच बनवलेला कर्नल धावतोय ना? मग त्यालाच विचारा. बोर्डावर लॉगिन करा आणि कॅट /प्रॉक/व्हर्जन म्हणा. कर्नल कोणत्या जीसीसीने बनला, अगदी लिनारोचा कोणत्या महिन्याचा, ते त्या एका ओळीत लिहिलेलं असतं. बूट होतानाच्या पहिल्या दोनतीन ओळींतही छापतो. आणि चालू कर्नलमध्ये सोय ठेवली असेल तर /प्रॉक/कॉन्फिग.जीझेड मध्ये त्यांचं कॉन्फिगसुद्धा मिळेल, झिपमधल्या डेफकॉन्फिगवर (डीफॉल्ट कॉन्फिगवर) विश्वास ठेवू नका.
चाळीस एररांशी भांडण्याआधी हे एक करायचं असतं. सोर्स ट्रीला त्याच्याच वयाचा, त्याच्याच घरातला कंपायलर द्या, मग काय दुरुस्त करायचं ते ठरवा.

तात्या_छावणीवाले
काकू, दंडवत.

चिमाजी
+१. काकूंनी एका पोस्टमध्ये आमचा बाजार उठवला.

मेघना_प
वा! हे मला आधी सुचायला हवं होतं. काकू, तुम्ही कुठे होतात इतके दिवस?

पलासिया_काकू
नातवाची परीक्षा होती.

विजयनगरकर
काकू नमस्कार करतो. प्रॉक/व्हर्जनमध्ये जीसीसी ४.९, लिनारो. तोच ६४ बिटवाला उतरवला, कंटेनर ठेवलाय. आता ड्रायव्हर सगळे कंपाइल झाले, वायफायवाला पण, डब्ल्यूएरर असूनही एक वॉर्निंग नाही. आणि मग एकदम:
नो रूल टू मेक टार्गेट नेट/नेटफिल्टर/एक्सटी_टीसीपीएमएसएस.ओ
फोल्डरमध्ये बघितलं तर एक्सटी_टीसीपीएमएसएस.सी आहे!

मेघना_प
कॅपिटलमध्ये आहे का स्मॉलमध्ये?

विजयनगरकर
स्मॉल.

मेघना_प
झिप विंडोजवर उघडली होती. पैजेवर सांगते. नेटफिल्टरमध्ये, म्हणजे कर्नलच्या फायरवॉलच्या भागात, एकाच नावाच्या दोन फाइली असतात, एक कॅपिटल आणि एक स्मॉल, आणि दोघींचं काम वेगळं, एक नियम जुळतो का बघते नि दुसरी कृती करते. विंडोजची डिस्क दोन्ही नावं एकच समजते, दुसरी पहिलीवर लिहिली जाते. टीसीपीएमएसएस, डीएससीपी, हेडरमध्ये मार्क, अशा बऱ्याच जोड्या आहेत. मॅकच्या साध्या डिस्कवरही हेच होतं. झिप सरळ लिनक्समध्ये उघड. शिवाय स्क्रिप्टांची एक्झिक्यूट परमिशन आणि सिमलिंक पण विंडोजवर हरवतात.

सराफ्यातला_भुक्कड
देवनागरीत कर्नल लिहिला असता तर हा त्रास नव्हता. ना कॅपिटल ना स्मॉल.

मोरार_मोडेम
मग ऱ्हस्व-दीर्घावरून भांडण झालं असतं, मेंटेनर पुण्याचा असता तर पॅचच घेतला नसता.

विजयनगरकर
ताई बरोबर! आमच्या इथे मेल विंडोजवाल्या मशीनवर येते, झिप तिथेच उघडून पेनड्राइव्हवर दिली गेली होती. लिनक्सवर उघडली आणि झेडइमेज, म्हणजे बोर्डावर टाकायची कर्नलची फाइल, तयार!!! आज छप्पनवर पोहे-जलेबी माझ्याकडून, जीरावण एक्स्ट्रा.

चिमाजी
अभिनंदन! पण एक विचारतो, ही सगळी माहिती, कोणता कंपायलर वगैरे, बोर्ड देणाऱ्याने द्यायला नको का? लिनक्सचं लायसन्स जीपीएल आहे ना.

बडोदेकर_जोशी
जीपीएल २ च्या कलम ३ मध्ये सोर्सबरोबर कंपाइल आणि इन्स्टॉल करण्याच्या स्क्रिप्टाही द्याव्या लागतात असं स्पष्ट आहे. पण कंपायलर स्वतः देणं बंधनकारक नाही, सिस्टिमबरोबर सहसा येणाऱ्या गोष्टींना त्यात सूट आहे. तरी एक ओळीची रीडमी लिहायला काय जातं.

तात्या_छावणीवाले
नव्या ट्रीमध्येही काही स्वर्ग नाही हो. लिनक्स-नेक्स्ट बघा, २००८ पासून स्टीफन रॉथवेल यांनी शेकडो मेंटेनरांचे ट्री रोजच्या रोज एकत्र करून बिल्ड करायचा परिपाठ घातला. मर्जनंतर अमुक ट्रीमुळे बिल्ड फुटला, त्याने कालचाच ट्री वापरला, अशा ईमेली कोरड्या सुरात जायच्या. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीही २०२१ मध्ये ५.१५ च्या वेळी सगळ्यांसाठी डब्ल्यूएरर चालू केलं होतं, मग इतकी ओरड झाली की काही दिवसांत ते मर्यादित करावं लागलं. फरक एवढाच की तिथे एरर त्याच दिवशी कोणाच्या तरी दारात जातो. तुमच्या झिपचे सगळे एरर साठून तुमच्या एकट्याच्या दारात आले.

विजयनगरकर
मंडळी, एक शेवटचं. बोर्ड बूट झाला, दुसरी सीरियल दिसतेय, काटा वजन देतोय. पण डिस्प्लेचा एक मॉड्यूल त्यांनी नुसता .केओ (कंपाइल केलेली फाइल) दिलाय, सोर्स नाही, तो लोड होत नाही: व्हर्जन मॅजिक ३.१८.२० शुड बी ३.१८.२०+. हे अधिकचं चिन्ह मी कुठेही लिहिलेलं नाही.

पलासिया_काकू
ट्री गिटमध्ये टाकलात ना? टॅग नसलेल्या कमिटवर असलं की बिल्ड स्वतःहून अधिक लावतं. मेक करताना लोकलव्हर्जन= असं द्या, बरोबरीच्या चिन्हापुढे काही लिहू नका. आणि तो मॉड्यूल सोर्सशिवाय दिलाय त्याबद्दल त्यांना ईमेल करा. लेखी करा, फोनवर नको.

विजयनगरकर
लोड झाला. ईमेल पण केली.

इंजिनिअर_दुसरंवर्ष
दादा मला पण मदत करा ना, लॅपटॉपवर नवीन ६ चा कर्नल करून राहिलो, उबंटूचं कॉन्फिग कॉपी केलं तर म्हणतं नो रूल टू मेक टार्गेट डेबियन/कॅनॉनिकल-सर्ट्स.पेम. अर्जंट आहे, उद्या व्हायवा आहे.

मेघना_प
कॉन्फिगमध्ये सिस्टिम ट्रस्टेड कीज आणि सिस्टिम रिव्होकेशन कीज दोन्ही रिकामे कर, ती सर्टिफिकेटं उबंटूच्या ट्रीमध्ये असतात, तुझ्याकडे नाहीत. आणि पुढचा एरर आला तर नवा धागा काढ, इथे नको. पहिला एरर टाक, शेवटचा नाही.